झाडांची खानेसुमारी

एप्रिलच्या मध्यातली दुपार. कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतून, खिडक्यांना ओले पडदे सोडून घरातली सगळी मंडळी जेवणानंतर जमिनीवर आडवी झाली होती. आमच्या बाळापुरात त्या वेळी शहाणा माणूस दुसरे काही करीत नाही. माझा डोळा लागतो न लागतो तोच पुतणी उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, "काका, इंटर्नशिपला मराठीत काय म्हणतात हो?"

मराठीचा मास्तर घरात असला की घरच्यांना शब्दकोश विकत घ्यावा लागत नाही. मी डोळे न उघडताच म्हणालो, "उमेदवारी."

"म्हणजे निवडणुकीतली?"

आता मात्र मला उठून बसावेच लागले. निवडणुकांनी हिरावून नेण्याआधी हा शब्द किती साधा आणि कष्टाळू होता, हे तिला सांगणे भाग होते. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर नवा पोरगा येई. पहिली काही वर्षे पगार नाही, असलाच तर नावापुरता. झाडलोट करायची, निरोप पोहोचवायचे आणि डोळे उघडे ठेवून धंदा शिकायचा. याला उमेदवारी करणे म्हणत. उमेद म्हणजे आशा. पुढेमागे आपल्याला इथे जागा मिळेल, या आशेवर राबणारा तो उमेदवार.

"मग मी उमेदवारीच करणार आहे," ती म्हणाली. "झाडांकडे."

त्याचे असे झाले होते. एका संस्थेने अकरावी-बारावीच्या मुलामुलींकडून उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावातली झाडे मोजून घ्यायचे ठरवले होते. मुदत सहा आठवडे, पगार शून्य, शेवटी एक प्रमाणपत्र. साहित्य म्हणून एक मोजपट्टी, एक टोपी आणि मोबाइलवर भरायचा एक तक्ता. झाडाची जात, बुंध्याचा घेर, उंची, प्रकृती आणि सगळ्यात शेवटी 'शेरा', असे त्यातले रकाने.

दादांचा चेहरा त्या संध्याकाळी पाहण्यासारखा झाला. मुलगी नुकतीच अकरावीतून मोकळी झालेली, पुढे नीटची परीक्षा. अकोला म्हणजे आमच्या भागातली शिकवण्यांची पेठ. लांबलांबची मुले तिथे खोल्या घेऊन राहतात, आणि यांची मुलगी तास बुडवून लिंबाच्या झाडांना फीत लावीत फिरणार! "झाडं मोजून कोणी डॉक्टर झालं आहे काय?" असा त्यांचा सवाल. वहिनींना काळजी उन्हाची, आणि ती काही उगाच नव्हती. २०२०च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये तर उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे १४४ कलम लावले गेले. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसते ऊन!

निकाल आईने दिला. "झाडाखालीच फिरणार ना पोरगी? मग सावलीतच राहील. उन्हाच्या आत घरी आली म्हणजे झालं." सकाळी सहा ते नऊ झाडे, दहानंतर पुस्तके, असा तह ठरला. आईचा सावलीचा अंदाज पुढे सपशेल चुकला, ही गोष्ट निराळी. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंतचे अंतर किती, हा हिशेब तिने धरलाच नव्हता.

वाचकांपैकी काहींना वाटेल, झाडे मोजणे हा काय उद्योग आहे? मलाही तसेच वाटले होते. पण थोडे वाचल्यावर कळले, की या उद्योगाला शास्त्र म्हणून मान्यता मिळूनही साठ वर्षे होत आली. कॅनडातील टोरंटो विद्यापीठात एरिक जोर्गेन्सन नावाच्या प्राध्यापकाने १९६०च्या दशकात 'नगर-वनविद्या' ही संज्ञा रूढ केली. रान हे गावाबाहेरच असते असे नाही. गल्लीतली, शाळेच्या आवारातली, दर्ग्यापाशी आणि देवळापाशी उभी असलेली सगळी झाडे मिळूनही एक रानच होते, आणि रानासारखी त्याचीही देखभाल करावी लागते, अशी त्यामागची कल्पना. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये आपल्या रस्त्याकाठची झाडे मोजायला घेतली तेव्हा दोन हजारांहून अधिक नागरिक टेप घेऊन रस्त्यावर उतरले. साडेसहा लाखांहून अधिक जिवंत झाडे त्या गणनेत एकेक करून नोंदली गेली. आपल्याकडे तर कायदाच आहे. १९७५ साली महाराष्ट्राने नागरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी असेही म्हटले आहे. माणसांची खानेसुमारी दहा वर्षांनी आणि झाडांची पाच वर्षांनी! कागदावर झाडांचा मान आपल्यापेक्षा मोठा आहे.

बाळापूर ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंचवट्यावर आमचा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो सुरू केला आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबाने १७५७ मध्ये पुरा केला, असे सांगतात. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवी. तिच्यावरून गावाचे नाव. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची दगडी छत्री. एके काळी इथे कागद होत असे, पागोटी विणली जात. आता कागद बाहेरून येतो आणि पागोटी कोणी घालीत नाही. बाकी उन्हाळा तेव्हाचाच आहे. खाली काळी भुई, जी मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते आणि नव्या रोपाची कोवळी मुळे त्या भेगेत तटातट तुटतात. तालुक्याचा उत्तरेकडचा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात. तिथे विहिरीच्या पाण्याने झाड जगण्याऐवजी जळायचीच भीती. असल्या जागी जे झाड उभे राहिले, त्याने काहीतरी सोसलेले असते.

पहिले आठ दिवस पोरगी थकून आली. घेर कुठे मोजायचा, तर जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटीमीटरवर. फांद्या त्याच्या खालीच फुटल्या असतील तर? झाड भिंतीत अर्धे गेले असेल तर? एका बोळात एक उंबर भिंतीच्या आत जन्मून बाहेर वाढलेला. त्याचा घेर कसा घ्यायचा यावर आम्ही रात्री जेवताना चर्चा केली, आणि दादासुद्धा नकळत तीत सामील झाले. हळूहळू तिच्या बोलण्यात झाडे माणसांसारखी येऊ लागली. करंज ऐन वैशाखात नवी पाने लेऊन उभा असतो, लिंब फाल्गुनात झडून उन्हाळा चढेपर्यंत गर्द होतो, आणि गुलमोहर दिसायला देखणा पण वादळात कटकन मोडणारा. तो मूळचा मादागास्करचा, आमच्या वावटळींची त्याला सवय नाही. (आमच्याकडे लिंब म्हणजे कडूलिंब. खायचे ते निंबू, आणि ते वाडेगावचे असावे.)

लोकांना तिचा भारी अचंबा वाटे. एका अंगणात टेप लावताना घरातली म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "काऊन वो माय, झाडाचं माप कायले घेऊन राहिली? सदरा शिवतं काय त्याले?" नदीकडच्या मोहल्ल्यात चिंचेखाली चहाची गाडी लावणाऱ्या चाचांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, पेड तो गिन लिया. छाँव भी लिखोगी क्या?"

या प्रश्नाने तिला 'शेरा' या रकान्याचा उपयोग कळला. संस्थेच्या तक्त्यात तो 'कीड लागली आहे', 'वाळवी आहे' असल्या नोंदींसाठी होता. हिने त्यात सावली लिहायला सुरुवात केली. 'चिंच. सावलीत चहाची गाडी, सकाळी अकरा माणसे, दोन बकऱ्या.' 'पिंपळ. पारावर म्हातारे बसतात, दुपारी शाळेच्या रिक्षा थांबतात.' 'लिंब. बुंध्यावर खिळे सतरा.' हे खिळे बहुतेक पाट्यांचे. त्यांतली एक पाटी अकोल्यातल्या नीटच्या शिकवणीवर्गाची निघाली, 'डॉक्टर होण्याची हमखास हमी' अशी. पुण्यात काही वर्षांपूर्वी तरुण मंडळींनी झाडांवरचे खिळे उपटण्याची मोहीम काढली होती, ते तिने कुठेतरी वाचले होते. शेजारच्या सुताराकडून तिने अंबूर आणला आणि दोन मैत्रिणींना घेऊन सतराच्या सतरा खिळे काढले. पाटी घरी आणली. दादांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता माळ्यावर टाकली.

दुसरा नित्याचा शेरा म्हणजे 'बुंध्याला सिमेंट'. आपण गल्ल्या पक्क्या केल्या, फरशीचे ठोकळे बसवले, आणि ते थेट झाडाच्या गळ्यापर्यंत आणून भिडवले. पाणी मुरायला वाव नाही, मुळांना हवा नाही. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. आमच्या गल्लीत तो आदेश काही पोहोचला नाही. शेवटी पुतणीने आमच्याच दारातल्या झाडाभोवतीचे चार ठोकळे सब्बल घालून उचकटले. वहिनी म्हणाल्या, "अगं, चिखल होईल." आई म्हणाली, "होऊ दे. मातीचा वास तरी येईल."

एका रात्री तिने आणखी एक खेळ काढला. सेसिल कोनाइनेंडाइक नावाच्या डच तज्ज्ञाने २०२१ मध्ये एक साधा ठोकताळा मांडला आहे. प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीवर तीस टक्के तरी झाडांची सावली असावी, आणि तीनशे मीटरच्या आत बाग किंवा हिरवी मोकळी जागा असावी. तीस टक्के आणि तीनशे मीटर आम्ही सोडूनच दिले. निदान तीन झाडे शोधू म्हणून घरातल्या सगळ्या खिडक्यांतून पाहिले. दारातला लिंब एक. गच्चीच्या जिन्यातून शेजाऱ्यांच्या गुलमोहराचा शेंडा, तो दोन. तिसरे काही केल्या सापडेना. आई म्हणाली, "तुळस धरा." वाचकांनी आपल्या घरी हा खेळ जरूर करून पाहावा, मुंबई-पुण्याच्या सदनिकांत निकाल काय लागतो, ते मला कळवावे.

मला मात्र या खानेसुमारीतून माझ्याच कामाचे काहीतरी सापडले. अकोला जिल्ह्याचा नकाशा काढून बसलो. बोरगाव, बाभुळगाव, हिवरखेड, पळसो, उमरी. आपल्या पूर्वजांनी गावाला नाव देताना राजाकडे पाहिले नाही, दारातल्या झाडाकडे पाहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही झाडांविषयी मोठ्या कळवळ्याने लिहिलेले आहे. रयतेची फळझाडे बळाने तोडू नयेत, एक झाड मोठे व्हायला माणसाची किती वर्षे जातात याचा विचार करावा, असा त्यातला भाव. राज्यकारभाराच्या ग्रंथात हे लिहावेसे वाटले, याचे मला वर्गात शिकवतानाही दरवेळी नवल वाटते. पुतणीने माझी गावांची यादी पाहिली आणि एवढेच विचारले, "काका, बोरगावात बोर आहे का अजून?"

सदऱ्याचे विचारणाऱ्या म्हातारीची ओळख पुढे वाढली. तिच्या अंगणातला लिंब चांगला थोराड. घेर दोन मीटर चौदा सेंटीमीटर भरला. तक्त्यात वयाचाही अंदाज लिहायचा होता. पोरीने विचारले, "आजी, हे झाड किती वर्षांचं असेल?" आजी पायरीवर बसली आणि सांगू लागली.

"बहात्तरचा दुकाय व्हता, माय. इहिरी आटल्या व्हत्या. मायं लगन होऊन दोन वर्सं झाली व्हती. हे एवढुसं रोप उगवलं कोठून काय मालूम. भांडे घासाचं पाणी, हात धुवाचं पाणी, समदं याच्या बुडाले घाले मी. सासू म्हणे, माणसाले प्याले नाई अन् हे झाडाले पाजून राहिली. पोट्टं नव्हतं ना मले तवा. म्हटलं, हे तं जगू दे."

पोरगी त्या दिवशी उशिरा घरी आली. साडेदहा वाजले होते, तहाचा भंग झाला होता. पण तिचा चेहरा पाहून दादा बोलले नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ म्हणजे त्या लिंबाने पन्नाशी केव्हाच ओलांडली. आणि इथे कायदा आडवा येतो, किंवा म्हणा, उभा राहतो. २०२१ मध्ये महाराष्ट्राने त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड हा वारसा ठरवला. झाड तोडायचेच झाले, तर त्याच्या वयाची जितकी वर्षे तितकी नवी झाडे लावायची आणि ती सात वर्षे सांभाळायची. आजीच्या मुलाला तो लिंब काढून तिथे दुकानाचे शटर टाकायचे होते. पुतणीने त्याला कायदा सांगितला. तो हसला. "पन्नास वर्षांचं आहे याचा दाखला कोठी आहे?" खरेच, झाडाला जन्माचा दाखला नसतो. पण शेजारच्या तीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी येऊन सांगितले, की बहात्तरच्या साली ही बाई खरकटे पाणी घेऊन दारात येई, ते आम्ही पाहिले आहे. त्यावर आजी म्हणाली, "याले तोडशील तं पहिले माह्या अंगावरून जाय." दुकान झाले. शटर लिंबाच्या उजव्या अंगाला सरकले. कायद्याने सरकले की आजीने, ते मला सांगता येणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

तक्त्याचा दुसरा भाग होता गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा. एका रस्त्याच्या कडेला समारंभाने वृक्षारोपण झाले होते. मांडव, हार, छायाचित्रे आणि एक फलक: 'एकशे एक वृक्षांची लागवड'. पुतणी आणि तिच्या मैत्रिणी दोन सकाळी त्या रस्त्याने फिरल्या. चौसष्ट खड्डे सापडले. बाकीचे एकतर बुजले असतील किंवा खणलेच नसतील. चौसष्टांपैकी अकरांत रोप जिवंत होते. उरलेल्या खड्ड्यांत वाळकी काडी, प्लॅस्टिकची पिशवी, एकात तर तुटकी चप्पल.

वृक्षारोपण ही आपल्याकडे जुनी रीत आहे. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. मग २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी. या संकल्पांना मी नावे ठेवीत नाही; आमच्या महाविद्यालयाच्या मुलांबरोबर मीही खड्ड्यात माती लोटलेली आहे, छायाचित्रात मीही आहे. पण एक गोष्ट मराठीच्या माणसाला खटकते. आपण 'झाडे लावली' असे म्हणतो तेव्हा क्रियापद तिथेच पुरे होते. आमचा वऱ्हाडी शेतकरी तसे म्हणत नाही. तो म्हणतो, रोपाने जीव धरला. लावणे हे माणसाचे काम, एका सकाळचे. जीव धरणे हे रोपाचे, आणि त्याला दोन-तीन उन्हाळे पाणी पाजणारा कोणी तरी लागतो. कर्नाटकात सालुमरद तिम्मक्का आणि तिचा नवरा यांनी हुलिकल ते कुदूर या रस्त्याला पावणेचारशेवर वड वाढवले. २०१९ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. या मूलबाळ नसलेल्या जोडप्याने पहिली वर्षे लांबून पाणी वाहून त्या रोपांना घातले, ही खरी हकीकत. नुसते लावून ते वड उभे राहिले नसते.

तर पुतणीने तक्त्यात त्रेपन्न खड्ड्यांसमोर 'मृत' असे लिहिले आणि तक्ता पाठवून दिला. दोन दिवसांनी संस्थेतून फोन आला. बोलणारे गृहस्थ अतिशय गोड होते. "बेटा, काम छानच झालं आहे. फक्त तो 'मृत' शब्द बरा दिसत नाही. त्या जागी 'पुनर्लागवड प्रस्तावित' असं टाक. अहवाल वर जातो ना." भाषेचे सामर्थ्य किती असते पाहा! दोन शब्दांत त्रेपन्न मेलेली रोपे उठून बसली.

पोरगी माझ्याकडे आली. आणि इथे मला कबूल केले पाहिजे, की मी तिला नीट उत्तर दिले नाही. मी म्हणालो, "शब्द तसा खोटा नाही. पुन्हा लावणार असतील तर प्रस्तावित आहेच की. प्रमाणपत्र पुढे कुठे तरी कामी येईल. एवढ्यासाठी कशाला वाईटपणा घेतेस?" वीस वर्षे मुलांना शब्दाचा नेमका अर्थ शिकवणारा मी, आणि घरात ही मसलत! ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. उत्तरपत्रिकेत चुकीचे गुण पडल्यावर मुले बघतात तशी.

दादा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचीत होते. ते खाली न ठेवताच म्हणाले, "हिला डॉक्टर व्हायचं आहे ना?"

"हो बाबा."

"मग मेलेल्याला जिवंत लिहिणारी डॉक्टर मला नको."

'मृत' हा शब्द तसाच राहिला. गृहस्थांचा पुन्हा फोन आला तेव्हा तो दादांनी घेतला आणि अंगणात जाऊन बोलले; काय बोलले ते आम्हांला कळले नाही. यथावकाश प्रमाणपत्रे आली. तिच्या बरोबरीच्या मुलांना 'उत्कृष्ट' असा शेरा होता. हिच्या प्रमाणपत्रावर नुसते 'सहभाग'. तिने ते माळ्यावरच्या त्या पाटीशेजारी ठेवून दिले.

जुलैत पाऊस लागला तेव्हा त्या रस्त्यावरच्या रिकाम्या खड्ड्यांपैकी चार तिने निवडले. चारच का, असे मी विचारले. "रोज जाऊन चारांनाच पाणी घालणं होईल," ती म्हणाली. रोपवाटिकेतून करंजाची चार कमरेएवढी रोपे आणली. करंज यासाठी, की खारट भुईही तो बरीच सोसतो आणि बकऱ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. तरी बकऱ्यांचा भरवसा नको म्हणून भोवती बोराटीचे काटे आणि पऱ्हाट्यांचे कुंपण केले. कुंभाराकडून चार मडकी आणली. प्रत्येकाच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवली आणि मडके गळ्यापर्यंत रोपाशेजारी पुरले. वरून झाकण. एकदा भरले की पाणी थेंबाथेंबाने मुळापाशी झिरपत राहते, उन्हाने उडून जात नाही. ही युक्ती नवी नाही. फार जुन्या काळापासून कोरड्या मुलखांतले लोक ती करीत आले आहेत. बुडाशी तुराट्या आणि पालापाचोळा अंथरला.

पावसाळाभर मडक्यांचे काम पडले नाही. पाऊस सरला तसे ते सुरू झाले. नीटचा अभ्यास आता खरोखरच अंगावर आला आहे. पहाटे पाचला तिच्या खोलीत दिवा लागतो. त्यामुळे मडकी भरण्याचे काम दादांकडे गेले. स्कूटरच्या पायांपाशी दोन कॅन ठेवून ते निघतात. शेजारच्यांना सांगतात, फिरायला चाललो. परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. चारांपैकी तिघांनी जीव धरला आहे. चौथा एका मोटारीखाली गेला. दादांनी त्याच्या खड्ड्यातली मोडकी काडी काढली, माती सारखी केली आणि मडके मात्र तसेच पुरलेले ठेवले. त्या अकरांपैकी नऊ अजून उभी आहेत. खरा हिशेब येत्या मे महिन्यात.

येताना लिंबाच्या आजीने हाक मारली. नवे दुकान आता चालू झाले आहे. गिऱ्हाइके उन्हात उभी राहत नाहीत, लिंबाखाली उभी राहतात, म्हणून मुलाने तिथे एक बाकडे टाकले आहे. आजी त्याच बाकड्यावर बसून दिवाळीसाठी वाती वळीत होती. तिने दादांना नमस्कार केला आणि विचारले,

"पोरगी कोठी हाय? तिले म्हनाव, वर्स होत आलं. याचं माप घ्याले कवा येतं?"